तळ्यातलं नवं बेट

नकाशे पळसाच्या पानावर काढायचे, त्या काळची गोष्ट. सिंहाने घारीला वरून उडत रानाचा नकाशा काढायला सांगितलं. नकाशात ज्याचं नाव, त्यालाच चरायला कुरण, असा हुकूम होता.

नेमकी तेव्हा चंद्री म्हैस तळ्यात डुंबत होती. वरून घारीला नुसती काळी पाठ दिसली. तिने लिहिलं, ‘बेट’.

दुसऱ्या दिवशी चंद्री कुरणावर गेली, तर कारकून कोल्ह्याने वाट अडवली. “नकाशात म्हैस नाही. तळ्यात एक बेट आहे, ते बेडकांना दिलंय.”

“अहो कोल्होबा, ते बेट म्हणजे मीच!”

“मग इथे काय करतेस? जा जागेवर! बेडूक सामान घेऊन खोळंबलेत.”

चंद्री मुकाट्याने तळ्यात जाऊन बसली. पाठीवर बेडकांची सात कुटुंबं राहायला आली आणि लगेच हद्दीवरून भांडायला लागली.

सकाळी कोल्हा चरवी घेऊन काठावर हजर. “चंद्राबाई, या ना बाहेर! महाराजांच्या चहाला दूध हवंय.”

चंद्रीने एक डोळा उघडला. “बेट कधी दूध देतं का, कोल्होबा? नकाशात बघा, एखादी म्हैस सापडते का.”