शेंदरीच्या दारात शंख

समुद्रात पोवळ्यांचं रान होतं. रानात एक बीळ होतं. बिळात दोन मासे राहायचे. शेंदरी आणि तिचा जोडीदार लांबू. शेवग्याच्या शेंगेहून बारीक, आणि घाबरट किती! दारातच तरंगायचे. पाठीवरचा तुरा हलवायचे, लुक लुक. कुणी आलं की आत, सुळकन!

एकदा लांबू आत होता. शेंदरी दारात होती. वरून शंख घसरला. धप्प! दार बंद.

"शंखदादा, शंखदादा! लांबू सुटेना. सरक ना!"

"मी जड गं बाई. खेकडा ढकलेल, तर सरकेन."

जड कसला! आळशी होता.

शेंदरी निघाली, सुळुक सुळुक.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ! शंख सरकेना, लांबू सुटेना. ढकल ना!"

"मी उपाशी. शेवाळ पान देईल, तर ढकलेन."

शेंदरी निघाली, सुळुक सुळुक.

"शेवाळताई, शेवाळताई! खेकडा ढकलेना, शंख सरकेना, लांबू सुटेना. पान दे ना!"

"ओहोटीने मी सुकले. लाट येईल, तर देईन."

शेंदरी निघाली, सुळुक सुळुक.

"लाटमावशी, लाटमावशी! शेवाळ पान देईना, खेकडा ढकलेना, शंख सरकेना, लांबू सुटेना. ये ना!"

"चांदोबा ओढेल, तर येईन."

शेंदरी थांबली. चांदोबा तर वर. बीळ खाली राहिलं. संध्याकाळ झाली होती. मोठ्या तोंडाचा गोब्रा मासा शिकारीला निघाला होता. शेंदरीला भीती वाटली. फार वाटली. पण लांबू आत होता.

शेंदरी वर गेली. अगदी वर.

"चांदोबा, चांदोबा! लाट येईना, शेवाळ पान देईना, खेकडा ढकलेना, शंख सरकेना, लांबू सुटेना. ओढ ना!"

"कोण बोलतंय? मला दिसत नाही."

शेंदरीने तुरा उभा केला. लुक लुक. लुक लुक.

"अगं, एवढीशी तू! आणि एवढ्या वर आलीस?"

चांदोबाने लाट ओढली.
लाटेने शेवाळ भिजवलं, सळसळ.
शेवाळाने पान दिलं.
खेकड्याने पान खाल्लं, करम करम.
खेकड्याने शंख ढकलला, हय्या!
शंख सरकला.

शेंदरी खाली आली, सुळुक सुळुक. बिळातून लांबूचं नाक आलं. मग लांबू आला.

मागून गोब्रा आला. शेंदरी आत. लांबू आत. सुळकन!

गोब्र्याने बिळात तोंड घातलं. तोंड मावेना. तो निघून गेला.

आत अंधार होता. शेंदरी लांबूला चिकटून बसली, ती बसलीच.