घटकाभर ऊन

विहिरीच्या त्या राज्यात ऊन रोज एकाच पायरीवर उतरे, तेही जेमतेम घटकाभर. त्या उन्हाने कासवांच्या पाठी टणक होत. तळाशी पाणसाप राहत असे. मऊ पाठीचे कासव तो सोडत नसे.

पाठी तपासायचे काम नेमाजी खेकड्याकडे होते. मडके वाजवून बघावे तशी तो नांगीने टिचकी मारी. टणक पाठ टणकन वाजे, मऊ पाठ भद्द. भिवरी कासवीची लेक पोवळी भद्द वाजली, तेव्हा नेमाजीने पुन्हा एकदा टिचकी मारून पाहिली.

उन्हात किती वेळ बसावे, यावर दोन थोरल्या कासवांचे जुने भांडण होते. धोंडाजी म्हणे, पाव घटका पुरे. जास्त उन्हाने पाठ तडकते. गंगाजी म्हणे, अख्खी घटका हवी.

"अख्खी घटका बसून तुमचा मेंदू तेवढा वाळला," धोंडाजी म्हणाला.

"आणि तुमच्या डोक्यावर शेवाळ धरलंय, त्याचं काय?"

भिवरी काकुळतीला आली. "नेमाजीभाऊ, यांचं मिटेल तेव्हा मिटेल. पोरीला वर नेऊ का?"

"न्या की, भिवरीबाई. पण आमच्यासमोर बसवा. मी घडीघडीला वाजवून बघतो. आकडा एकदाचा ठरला, की सगळ्याच पोरांचं भलं होईल."

त्याला ते मनापासून वाटत होते.

मग रोज दुपारी पोवळी पायरीवर बसू लागली. दोन्ही थोरले दोन बाजूंनी तिच्यावर वाकत आणि मधून नेमाजी नांगी पुढे करी.

"काका, गार लागतंय," ती एकदा म्हणाली.

"हलू नको गं बाळ, मोजणी चुकते," नेमाजी म्हणाला.

महिना गेला. पाठ भद्दच वाजत राहिली. धोंडाजी म्हणाला, बघा, उन्हाने काही होत नाही. गंगाजी म्हणाला, म्हणजे घटकासुद्धा अपुरी आहे.

एका सकाळी तळाचे पाणी गढूळ झाले होते आणि पोवळी कुठेच नव्हती.

त्या दुपारीही तिघे पायरीवर जमले. तिच्या जागेवर वाकून थोरल्यांचा वाद पुन्हा सुरू झाला. नेमाजीची नांगी सवयीने पुढे झाली आणि तशीच अधांतरी राहिली. मग ती मागे घेऊन तो, खेकडे सरतात तसा, तिरका बाजूला सरला.

तो सरताच पोवळी बसायची त्या दगडावर नांगीएवढे ऊन पडले.