पितळी मोराचं कॉफीयंत्र

फार फार जुनी गोष्ट. तेव्हाच्या राजांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, आणि ते राज्य नेमकं कुठे होतं हेही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. तिथल्या डोंगरांवर वर्षातले बरेच महिने धुकं असायचं आणि धुक्याखाली कॉफीची झाडं, एवढं मात्र सगळे सांगतात.

त्या राज्यात सिदोजी नावाचा एक मोजणीदार होता. राज्याची हद्द मोजायची, जागोजागी दगड रोवायचे, पुरात वाहून गेले की पुन्हा जाऊन रोवायचे, हे त्याचं काम. पायथ्याच्या गावात त्याचं घर होतं, पण त्या घरात तो पाहुण्यासारखा यायचा. सणाला यायचा, पायातले काटे काढायचा आणि पुन्हा निघायचा.

त्याची बायको गोजराबाई. मूलबाळ नव्हतं. तिने एकटीने घर सांभाळलं, सासूसासऱ्यांचं दुखलंखुपलं पाहिलं, त्यांचं शेवटचंही तिनेच केलं. कुरकुर अशी कधी केली नाही. फक्त सिदोजी निघाला की उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, "अहो, एवढंसं राज्य, मोजून संपत कसं नाही?"

सिदोजी हसायचा. "संपेल गं. मग घरीच बसायचंय. तुझ्यासमोर."

अखेर सिदोजीचे केस पांढरे झाले आणि राजाने त्याला निरोप दिला. भर दरबारात त्याला चांदीची मोजकाठी बक्षीस मिळाली. ती खांद्यावर टाकून तो घरी आला, कायमचा. दारात गोजराबाई उभी होती, पण तिला चौकटीचा आधार घ्यावा लागत होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि सिदोजीला अंगणात नेलं.

"सिदोजीराव, आता माझ्याकडे औषध उरलं नाही," ते म्हणाले. "कॉफीला फुलं येतील तोवरचं सांगतो, पुढचं सांगत नाही. त्या मागतील ते द्या. आणि जवळ राहा."

सिदोजी आत आला. बायकोजवळ बसला. म्हणाला, "गोजरा, तुला काय हवंय?"

गोजराबाईने बराच वेळ विचार केला. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"माझ्या माहेरी वाफेची कॉफी असायची," ती म्हणाली. "बाबा पहाटे उठून यंत्राखाली निखारे घालायचे. दट्ट्या दाबला की काळीभोर, मधासारखी दाट कॉफी खाली यायची, वर तांबूस साय. एवढीशी वाटी, पण घर दरवळायचं. इथे आले तेव्हापासून मडक्यात उकळलेलीच प्यायले. सकाळी तशी एक वाटी मिळावी, आणि तुम्ही समोर बसलेले असावेत. बस्स, आणखी काही नको."

"एवढंच ना!" सिदोजी म्हणाला. दुसऱ्याच दिवशी तो यंत्र शोधायला बाहेर पडला.

गावाच्या खालच्या आळीत एक तांबट होता. तो अशी यंत्रं घडवायचा. त्याने एक यंत्र पुढे ठेवलं. बुटकं, काळपट, अंघोळीच्या बंबाचं पिल्लू वाटावं असं. एक दट्ट्या, एक तोटी, संपलं.

"दिसायला काही नाही ह्याच्यात," तांबट स्वतःच म्हणाला. "आत चामड्याची एक चकती आहे, ती झिजते. झिजली की मला हाक मारा, मी येऊन बदलून देईन. आमच्या आळीत बऱ्याच घरांत आहे. कुणाकडेही जा, कॉफी प्या, त्यांना विचारा, मग ठरवा."

सिदोजी एका घरी गेला. कॉफी दाट होती, वर तांबूस सायही होती. घरची म्हातारी म्हणाली, "सुनेच्या बाळंतपणाआधीपासून आहे बाबा हे. रोज चालतं. आता त्याच्याकडे लक्षही जात नाही आमचं."

सिदोजीने मान डोलावली, पण त्याचं मन भरलं नाही. जन्मभर आपण हिला काही दिलं नाही, आणि आता शेवटी हा काळा ठोकळा घेऊन जायचा? लोक काय म्हणतील, आणि तिला तरी काय वाटेल? तांबटाला "बघतो" म्हणून त्याने राजधानीची वाट धरली. राजधानी दोन घाट ओलांडून होती. वाटेत एका इनामदारांच्या घरी त्याची जुनी ओळख, म्हणून तो तिथे टेकला.

ओसरीतच त्याला ते यंत्र दिसलं. पितळेचं, आरशासारखं लखलखीत. वर पिसारा फुलवलेला मोर. चार तोट्या, प्रत्येकीवर वेगळी नक्षी. मोराच्या चोचीत कुणीतरी जाईची फुलं खोवली होती.

"हे कॉफीचं यंत्र आहे?" सिदोजीने विचारलं.

"मग! राजवाड्यात आहे तसंच," इनामदार म्हणाले. "वाफ धरली की मोर शीळ घालतो. आलेला माणूस बघतच राहतो."

"कॉफी कशी होते?"

इनामदारांची बायको काहीतरी बोलायला पुढे झाली. इनामदारांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती आत निघून गेली. थोड्या वेळाने कॉफी आली, ती स्वयंपाकघरातून, तांब्यातून. पातळ होती, आणि तिला मडक्याचा वास होता.

सिदोजीने आयुष्यभर दगड पाहून हद्द ओळखली होती. समोर काय दिसतंय ते त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्याने ते कळून घेतलं नाही. मोरावरून त्याची नजर हटत नव्हती, आणि त्याच्या कानात गोजराबाई आनंदाने टाळ्या वाजवत होती.

राजधानीत सौदागराच्या दुकानात तसंच यंत्र होतं.

"बिघडलं तर हो?" सिदोजीने विचारून ठेवलं.

"बिघडेल कशाला? आणि बिघडलंच, तर आमचे कारागीर बसलेत की. आणून द्यायचं, आम्ही करून देऊ."

"म्हणजे इथे आणायचं?"

"मग आणखी कुठे?"

सिदोजीच्या मनात आलं, दोन घाटांचं काय एवढं, माझे पाय मुरलेले आहेत. त्याने राजाने दिलेली चांदीची मोजकाठी सौदागरापुढे ठेवली आणि यंत्र पाठीवरच्या करंडीत घालून घरी आणलं.

गोजराबाई ते पाहून आधी हसली, मग तिचे डोळे भरले. पहिल्या सकाळी मोराने शीळ घातली तेव्हा आळीतली पोरंबाळं दारात जमली. कॉफी उतरली. गोजराबाईने वाटी दोन्ही हातांत धरली, वास घेतला, घोट घेतला.

"अगदी तश्शी," ती म्हणाली. "पण अहो, मोर कशाला?"

"तुझ्यासाठी."

"मला कॉफी पुरली असती," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाहत राहिली. त्या काही सकाळी फार सुखाच्या गेल्या. तिने आपल्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या, ज्या त्याने कधी ऐकल्याच नव्हत्या. त्याने तिला हद्दीवरच्या नद्यांची नावं सांगितली. एवढी वर्षं संसार केला, आणि एकमेकांची ओळख आता होत होती.

मग एका सकाळी मोर गप्प राहिला. बुडातून वाफ फुसफुसायला लागली आणि तोटीतून कोमट, तुरट पाणी आलं.

सिदोजी यंत्र घेऊन तांबटाकडे गेला. तांबटाने झाकण काढून आत डोकावून पाहिलं. आत नळ्यांचा गुंता होता.

"हे मी खोललं तर मला परत जोडता येणार नाही," तो म्हणाला. "ह्याच्या चकत्या त्यांच्याच मापाच्या. ज्यांनी केलं त्यांच्याकडेच न्या. तोवर माझं घेऊन जा. वाटलं तर मागाहून परत द्या."

"नको, नको," सिदोजी घाईघाईने म्हणाला. "हे होईल दुरुस्त."

तांबटाचं यंत्र घरी नेणं म्हणजे आपण चुकलो असं गावाला सांगणं. तेवढं त्याच्याने होईना.

"राहू द्या हो," गोजराबाई म्हणाली. "मडक्यातली चालेल मला. तुम्ही बसा."

"असं कसं? आलोच मी."

तो गेला, कारागिरांच्या ओट्यावर ताटकळला, यंत्र घेऊन आला. पुन्हा काही सकाळी मोर गायला. पुन्हा गप्प झाला. पुन्हा सिदोजी घाट चढला. परत यायचा तेव्हा दर वेळी गोजराबाई आणखी थोडी वाळलेली असायची, अंथरुणात आणखी खोल गेलेली. आता ती कॉफीचं विचारतही नसे. त्याचा हात धरून ठेवायची, एवढंच.

शेजारची ठकूबाई तो नसताना गोजराबाईचं सगळं करायची. तिला राहवेना. सिदोजी तिसऱ्यांदा करंडी भरत असताना तिने त्याला अडवलं.

"भावजी, बोलते म्हणून राग मानू नका. यंत्र कुणाबरोबर तरी पाठवून द्या. तुम्ही नका जाऊ."

"दुसऱ्याच्या हातून पडलंबिडलं तर?"

"पडू दे की! वहिनींकडे बघा जरा."

सिदोजीने पाहिलं. गोजराबाई डोळे मिटून पडली होती. त्याला वाटलं, एकदा हे पक्कं दुरुस्त होऊ दे, मग रोज सकाळी हिच्यासमोरच बसायचंय. निघताना तो तिच्या कानाशी वाकला. तिने डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र हलले.

"संपलं नाही का अजून मोजून?" ती म्हणाली. ग्लानीत म्हणाली की जागेपणी, ते त्याला कळलं नाही.

राजधानीत कारागीर उत्सवाला गेले होते. दुकानाला कुलूप. सिदोजी पायरीवर बसून राहिला. ते आले, त्यांनी यंत्र खोललं, एक नळी बदलली, दुसरी तापवली, हे चुकलं, ते पुन्हा केलं. अखेर मोराने शीळ घातली. सौदागर खुशीत म्हणाला, "बघा, नव्यासारखं!"

परतीच्या वाटेवर दुसरा घाट उतरताना सिदोजीला कसलासा गोड वास आला. त्याने मान वर केली. खालचं सगळं खोरं पांढरं झालं होतं. कॉफी फुलली होती.

तो पळत सुटला. पाठीवर यंत्र आदळत होतं, आतल्या नळ्या खणखणत होत्या. तो पळत होता.

गावाच्या वेशीवर ठकूबाई उभी होती. तिला काही बोलावं लागलं नाही.

"काल सकाळी गेल्या," ती हळूच म्हणाली. "आम्ही वाट पाहिली हो तुमची, दिवसभर पाहिली. मग आमच्या ह्यांनीच अग्नी दिला."

सिदोजी तिथेच, रस्त्याच्या कडेला, मटकन खाली बसला. करंडी पाठीवरच होती.

"काही म्हणाली?"

"मी मडक्यात कॉफी केली होती. दोन घोट घेतले. म्हणाल्या, छान झालीय. मग म्हणाल्या, दार उघडं ठेव, आलेले दिसतील."

सिदोजी घरी गेला. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. दार अजून उघडंच होतं.

दिवस जात राहिले. माणसं भेटायला येत, चार शब्द बोलून जात. यंत्र ओसरीत पडून होतं. पितळेवर हिरवट डाग चढले. सिदोजीने त्याखाली पुन्हा निखारे घातले नाहीत. कॉफी प्यायचंच सोडलं त्याने.

पुढे एकदा तोच सौदागर माल घेऊन त्या गावावरून चालला होता. ओसरीतलं यंत्र पाहून तो आत आला. त्याला काही ठाऊक नव्हतं.

"अरेरे, काय अवस्था केलीत ह्याची! पुन्हा बिघडलं वाटतं?" तो म्हणाला. "द्या माझ्याकडे. पुढच्या खेपेला नव्यासारखं करून आणतो. तुम्ही यायचीही गरज नाही."

सिदोजीला त्याचा राग आला नाही. सौदागराने त्याला फसवलं नव्हतं. बिघडलं तर कुठे आणायचं ते त्याने सांगितलं होतं, आणि दर वेळी दुरुस्तही करून दिलं होतं.

"हे चालतंय," सिदोजी म्हणाला. "यात काही बिघाड नाही. न्यायचं तर न्या, फुकट न्या."

"फुकट कसं? बदल्यात काय देऊ?"

सिदोजीने उघड्या दाराबाहेर पाहिलं. तिकडून धुकं खाली उतरत होतं.

"ज्या सकाळी मी तुमच्या पायरीवर बसून काढल्या," तो म्हणाला, "त्यातली एक द्या."

सौदागर यंत्र तिथेच ठेवून निघून गेला. सिदोजी पुढेही बरीच वर्षं जगला, पण सकाळ झाली की तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडायचा, आणि ऊन अंगणातून निघून गेल्यावरच उठायचा.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: रोजच्या वापरातली वस्तू डोळ्यांत किती भरते ते पाहून घेऊ नये, ती बिनतक्रार किती चालते ते पाहून घ्यावी, नाहीतर ती आपली चाकरी करायची सोडून आपल्यालाच तिच्या चाकरीला लावते, आणि त्या चाकरीत गेलेला वेळ कोणताही कारागीर परत आणून देत नाही.