दर मिनिटाची हाक

संगणक कपाटाएवढे असायचे, त्या काळची गोष्ट. एका खोलीत दोन संगणक होते. थोरला काम करी आणि धाकटा त्या कामाची नक्कल जपून ठेवी. बसवणाऱ्यांनी थोरल्याचं नाव ठेवलं होतं मालक, धाकट्याचं गुलाम. दोघांना जोडणारी तार शाबूत आहे ना, हे पाहायला थोरला दर मिनिटाला हाक मारी, "गुलाम, आहेस का?" धाकटा म्हणे, "आहे, मालक."

एके दिवशी धाकटा म्हणाला, "मालक, मला दुसरं नाव द्या ना. हे ऐकलं की कानकोंडं व्हायला होतं."

थोरला वैतागला. "अरे, काम तेच राहणार! नुसत्या नावाने काय बिघडतं? आपल्याला दिलेल्या शेकडो आज्ञांमधून ते बदलत बसायचं म्हणजे केवढा खटाटोप!"

"बिघडत नसेल, तर उद्या एक दिवस हाकेपुरती नावांची अदलाबदल करू. कामं ज्याची त्याने करायची."

थोरल्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. सकाळी त्याने हाक मारली, "मालक, आहेस का?"

"आहे, गुलाम," धाकटा नेहमीच्याच अदबीने म्हणाला.

पुढची हाक आलीच नाही. सगळं काम ठप्प झालं. दुरुस्तीवाल्या दुर्वेबाई धावत आल्या. त्यांनी तारा तपासल्या, पंखे पुसले, पण बिघाड काही सापडेना.

त्या गेल्यावर थोरला म्हणाला, "धाकट्या, त्या शेकडो आज्ञांमधली पहिली कुठली, काढ बघू."