बुरशीची भूक

“बाकीच्यांनी भाकर खाऊन टाकली, मी जपली. मग झोळी कुणाला, बाबा?”

विश्वंभरला धीर धरवत नव्हता. म्हातारे गोंदूबाबा आज आपली भिक्षेची झोळी एका शिष्याच्या खांद्यावर देणार होते. ज्याची झोळी, त्याचा मठ. विश्वंभरने तर त्यासाठी सकाळपासून उपवास धरला होता.

गेल्या सोमवारी बाबांनी भिक्षेतली भाकर मोडून प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला. गुरूच्या हातचा तुकडा खाऊन संपवायचा? छे, देशमुखांचा हा पोरगा बाकीच्यांसारखा अडाणी नव्हता. त्याने तो रेशमी रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. बाहेर श्रावणाची झड लागली होती.

“सोड गाठ,” आज त्याने पुढे धरलेल्या रुमालाकडे बघत बाबा म्हणाले.

त्याने घाईघाईने सोडली.

तुकड्यावर हिरवी-निळी बुरशी माजली होती. कडेला पांढरी लव, मधे काळे ठिपके. मागे कुणीतरी हसू दाबलं. विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा मात्र ताडकन उठले. त्यांचे डोळे लकाकत होते.

“अरे, या रे सगळे. बघा तरी, काय रंग आलाय.”

“टाकून देतो, बाबा. प्रसाद नासला माझ्या हातून...”

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“नासला कुठं? जेवतीय ती बुरशी. भरल्या ताटावरनं कुणाला उठवू नये.”

“पण तुकडा मला दिला होता तुम्ही.”

“दिला होता. भूक होती का रे त्या दिवशी?”

विश्वंभरला घरून रोज डबा यायचा. बाकीचे चिखल तुडवत दारोदार फिरायचे, तेव्हा हा पोथी उघडून बसलेला असायचा.

“नव्हती.”

“हिला होती.”

...

तेवढ्यात विश्वंभरचं पोट असं गुरगुरलं, की दारापर्यंत ऐकू गेलं. त्याला लाज वाटली, मग त्याचं त्यालाच हसू फुटलं.

“बाबा... आता लागलीय.”

बाबांनी खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. विश्वंभरची नजर बाबांच्या आसनाकडे गेली.

बाबांनी दाराकडे बोट केलं.

“मग जा, माग. आम्ही पण जेवायचे थांबलोय.”