पोटभर श्वास

फार जुन्या काळी एका डोहात म्हातारी कासवीण राहत होती. बुडी मारण्याआधी ती नाक वर काढून सावकाश, खोल श्वास घेई. शेजारचं पाणमांजर तिला हसे. "श्वास घ्यायलाही हिला मुहूर्त लागतो," ते म्हणे.

एकदा काठावर शिकारी कुत्री आली. पाणमांजराने घाईने बुडी मारली; कासविणीने मात्र आधी नेहमीसारखा खोल श्वास घेतला आणि मग तळ गाठला. पाणमांजर लगेच गुदमरून वर आलं आणि अर्धी शेपटी एका कुत्र्याच्या तोंडात सोडून कसंबसं कपारीत शिरलं.

कुत्री गेल्यावर कासवीण वर आली.

"इतका वेळ खाली काय करत होतीस?" पाणमांजराने धापा टाकत विचारलं.

"पोटभर श्वास घेऊन बसले होते. तुला पोहता येतं, टिंगल तर फारच छान येते. आता श्वास घ्यायलाही शीक."

पाणमांजराने नाक वर काढलं आणि सावकाश, खोल श्वास घेतला.