उपाशी दिवसोबा

ढगांना टेकलेल्या एका उंच डोंगरावर एक राजा राहायचा. राजा म्हणजे काय, मूठभर घरं, थोड्या शेळ्या आणि ज्वारीचं एक शेत, एवढंच राज्य! हसू नका रे. राजा तो राजाच. मग एवढ्याशा राज्यात शाळा कुठून असणार? राणीच आपल्या लेकीला, तुळजाला, घरी शिकवायची. चुलीवर दूध तापेस्तोवर पाढे, ते निवेस्तोवर वाचन, की झाला अभ्यास! पुढे अख्खा दिवस मोकळा. पोरीनं करायचं काय? म्हणून राजाने जत्रेतून तिला जादूचा आरसा आणून दिला.

त्या आरशात काय नव्हतं, बाई! हत्ती होते, समुद्र होता, दूरदेशीची नाचणारी माणसं होती. एक संपलं की दुसरं हजर. तुळजा न्याहारीला आरसा घेऊन बसायची, ती थेट दिवेलागणीला उठायची. राणीचा घसा कोरडा पडायचा हाका मारून.

आता त्या डोंगरावर एक नवल होतं, बरं का. तिथे दिवस स्वतः चालत यायचा. खराखुरा! सोनेरी पागोट्याचा म्हातारा, दिवसोबा. सकाळी पूर्वेचा कडा चढून राजाच्या अंगणात येऊन बसायचा. त्या घरातलं पोर दिवसभर जे काही करेल, तेच त्याचं जेवण. पोट भरलं की संध्याकाळी सावकाश पश्चिमेला उतरायचा.

तुळजा आरशात गुंगली आणि दिवसोबाचे हाल सुरू झाले. गाल बसले. पागोटं ढिलं झालं. अंगात त्राणच नाही, म्हणून तो लवकर लवकर निघून जायला लागला. दुपारीच काळोख! कोंबड्या गोंधळल्या, ज्वारी पिकेना. आणि तुळजाला पत्ताच नाही.

मग एकदा राजा गेला दरीपलीकडे, धान्य आणायला. परतीची कड्याची वाट कशी, तर जेमतेम पाऊल मावेल एवढी. उजेड असला तरच चढता येणार. अंधारात पाय चुकला, की संपलंच. राणी दारात उभी, जीव टांगणीला लागलेला. आणि दिवसोबा काठी टेकत उठला की हो, भर दुपारी!

राणीचं रडू ऐकून तुळजाने आरशातून मान वर केली. तेव्हा कुठे तिला तो म्हातारा दिसला. ती धावत गेली. "दिवसोबा, जाऊ नका हो! बाबा कड्यावर आहेत!"

"पोरी, उपाशीपोटी किती बसू?"

तुळजाने काय करावं? घाईघाईने आरसाच पुढे केला. हत्ती घ्या, समुद्र घ्या, हवं ते घ्या म्हणाली. दिवसोबाने तोंड फिरवलं. "हे दुसऱ्यांनी जगलेलं. मला उष्टं वाढतेस होय गं?"

तुळजाचे कान लाल झाले. दारी आलेल्याला उष्टं! तिने आरसा फडताळात टाकला आणि पिठात हात घातला. बाबा भुकेले येतील, म्हणून भाकरी थापली. एकीकडे जाड, एकीकडे भोक. पण आपल्या हातची! दिवसोबा पुन्हा खाली टेकला.

मग ती धावली काळोखाला भिऊन पळालेल्या करड्या शेळीमागे. काट्यांत शिरली, गुडघे फोडून घेतले, पण शेळीला कान धरून घरी आणलं. दिवसोबाच्या गालांवर रंग चढला.

पण राजाचा पत्ता नाही. आता करायला काहीच उरलं नाही. मग तुळजा कड्याच्या टोकाशी जाऊन नुसती बसली, बाबांची वाट पाहत.

आणि काय सांगू तुम्हाला! आभाळ आधी पिवळं झालं, मग केशरी, मग ढगांच्या कडा पेटल्या. दरीतून पोपटांचा थवा निघाला आणि तिच्या पायांखालून उडत गेला. पायांखालून, बरं का! जन्मापासून ती तिथेच राहत होती, पण हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पापणी लवायची राहिली पोरीची.

"काय बघतेस गं?" मागून दिवसोबाने विचारलं.

"तुम्हालाच," तुळजा म्हणाली.

तर तो म्हातारा रडायलाच लागला. "जग सुरू झाल्यापासून येतोय गं मी. पण असं डोळे भरून मला कुणी पाहिलं नाही."

त्याचं पोट असं भरलं, असं भरलं, की पागोटं लखलखलं. सगळी दरी सोन्याची झाली. दिवसोबा तिथेच डोंगराच्या कडेवर बसला, हलेचना! त्या उजेडात खाली वाटेवर एक पांढरा ठिपका दिसला. राजाचा फेटा! राजा पाऊल पाऊल चढत वर आला, तुळजाने त्याला घट्ट मिठी मारली, तेव्हा कुठे दिवसोबा ढेकर देत खाली उतरला.

मग राजाने ती भोकाची भाकरी मिटक्या मारत खाल्ली. पुढे दिवस मोठा झाला, ज्वारी पिकली, सगळी सुखात राहिली. आणि आरसा? आहे की फडताळात. पावसाची झड लागली की तुळजा काढते कधीमधी, घटकाभर.

चला, मिटा आता डोळे. ए चंपे, तुझ्या उशीखाली काय चमकतंय गं? दे इकडे. तुमचाही दिवसोबा मघाशीच गेला मागच्या दाराने. जेवून गेला की उपाशी, ते मला नका सांगू. सकाळी अंगणात येऊन बसेल, तेव्हा त्यालाच काय ते वाढा. झोपा.